सुई अडकायची ती जागा

गिरगावातल्या खोताच्या वाडीत एका घराला रस्त्यावरूनच थेट वर चढणारा लाकडी जिना होता. वर व्हरांडा, व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या आणि आत खिडकीला लागून टेबलावर रेकॉर्ड प्लेअर. आमची चाळ त्या घराच्या मागे. आमच्या गॅलरीतून तो प्लेअर दिसायचा नाही, पण तबकडी संपल्यावर शेवटच्या खाचेत सुई फिरत राहायची, ती खरखर आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायची. पोळ्या लाटता लाटता आई म्हणायची, "बाय कुठे गेली गं? सांग तिला ते बंद करायला." मी अर्धी पोळी टाकून पळायचे.

बाय त्या घरातली थोरली मुलगी. सगळी वाडी तिला बायच म्हणायची. ती एकोणीस वर्षांची, मी बारा. तिचा भाऊ जहाजावर होता. १९७० च्या पावसाळ्याच्या तोंडावर तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने आईला घडीची छत्री आणली, वडिलांना दाढीचं सामान आणि बायला एक छोटी तबकडी, जेमतेम जेवणाच्या ताटलीएवढी. तिच्यावरचं गाणं होतं ‘शुगर, शुगर’, आणि गाणाऱ्या बँडचं नाव ‘द आर्चीज’.

ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाहेर पाऊस होता आणि बायची आई, आमच्या आंटी, ओव्हनमधून काहीतरी काढत होत्या. आधी गिटारचा ठेका आला. मग एका मुलाचा आवाज, अगदी जवळून, शेजारी बसून बोलल्यासारखा. त्याची ओळ संपली की मध्ये मोकळी जागा, आणि त्या जागेत पियानोसारख्या कुठल्याशा वाद्यावर थोडेसे सूर, उड्या मारत पायरी उतरणाऱ्या पोरासारखे. पुन्हा ओळ, पुन्हा ते सूर. दुसऱ्या वेळी ते यायच्या आधीच माझ्या तोंडून निघाले. इंग्रजी मला पाठ्यपुस्तकापुरतं यायचं. गाण्यातले शब्द कळत नव्हते, पण ती मोकळी जागा माझी होती. तिथे मला कुणी काही शिकवावं लागलं नाही.

एक शब्द मात्र कळला होता. शुगर म्हणजे साखर. आमच्या घरात साखर म्हणजे रेशनकार्डावर मोजून मिळणारी वस्तू. महिन्याच्या ठरल्या दिवशी पिशवी घेऊन रांगेत उभं राहायचं, दुकानदार तराजूत ओतायचा, आई घरी येऊन पुन्हा डोळ्यांनी मोजायची. डबा वरच्या फळीवर. पाहुण्यांच्या चहात दोन चमचे, आमच्या चहात एक. अशा घरातल्या मुलीला कळेना की माणूस माणसाला साखर का म्हणेल. मी बायला विचारलं. ती खिडकीत केस पुसत होती. म्हणाली, "तुला कुणी आवडलं की कळेल." मी विचारलं, "कोण गातो हे?" तिने उशीखालून लायब्ररीतून आणलेलं एक चित्रांचं पुस्तक काढलं. त्यावर एका लाल केसांच्या, ठिपक्याठिपक्यांच्या गालांच्या मुलाचं चित्र होतं. त्याच्या कानशिलावर दोन आडव्या, दोन उभ्या रेघा, फुलीगोळ्याचा खेळ मांडतात तशा. त्या रेघांवर बोट ठेवून बाय म्हणाली, "हा."

मी ते खरं मानलं, आणि बरीच वर्षं खरं मानत राहिले. चित्रातला मुलगा गातो. आता वाटतं, गाण्याची किल्ली बायने मला त्याच क्षणी दिली होती.

कारण ते खरंच चित्रातल्या मुलाचं गाणं होतं. आर्ची अँड्र्यूज हा अमेरिकेतल्या कॉमिक्समधला पोरगा १९४१ च्या डिसेंबरात पहिल्यांदा छापला गेला, बॉब मोंटाना या चित्रकाराच्या हातून. रिव्हरडेल नावाच्या कल्पनेतल्या गावात तो कायमचा शाळकरी राहिला. १९६८ च्या सप्टेंबरात सीबीएस वाहिनीवर शनिवारी सकाळी त्याची कार्टून मालिका सुरू झाली आणि त्याला मित्रमैत्रिणींचा एक बँड मिळाला. आर्ची गिटारवर, रेजी बेसवर, जगहेड ड्रम्सवर, व्हेरॉनिका कीबोर्डवर आणि बेटीच्या हातात खंजिरी. त्या बँडच्या संगीताची जबाबदारी होती डॉन कर्शनर या माणसावर. त्याआधी तो ‘द मंकीज’ या टीव्हीसाठी जमवलेल्या चार तरुणांच्या बँडची गाणी ठरवायचा. त्या चौघांना आपली वाद्यं आपण वाजवायची होती, आपली गाणी आपण निवडायची होती. वाद वाढला आणि १९६७ च्या सुरुवातीला कर्शनरला जावं लागलं. पुढच्या वेळी त्याच्या वाट्याला चित्रांचा बँड आला. चित्रं वाद घालत नाहीत.

या गोष्टीकडे पुष्कळ जण धंद्याची चलाखी म्हणून बघतात. चलाखी होतीच. पण मला ‘शुगर, शुगर’ रेकॉर्ड झालं त्या बंद खोलीत उभी असलेली माणसं दिसतात. गाणं लिहिलं जेफ बॅरी आणि अँडी किम यांनी. किम मॉन्ट्रियलचा, लेबनॉनी आईवडिलांचा मुलगा. बॅरीने त्याआधी एली ग्रीनिच या आपल्या बायकोबरोबर ‘बी माय बेबी’सारखी गाणी लिहिली होती, ज्यांच्यावर अमेरिकेतली एक पिढी प्रेमात पडली. ते लग्न १९६५ मध्ये मोडलं. त्यानंतर चार वर्षांनी त्याच माणसाने असं गाणं लिहिलं ज्यात भांडण नाही, विरह नाही, उद्या नाही. कुणीतरी आवडलंय आणि ते खरं वाटत नाहीये, बस्स. मला हे सोपं वाटत नाही. ज्याचं काही मोडलंय त्याला न मोडलेल्या गोष्टीकडे परत बघायला धीर लागतो.

तो जवळून येणारा मुलाचा आवाज रॉन डँटे याचा. ‘शुगर, शुगर’ गाजत होतं त्याच १९६९ च्या शरद ऋतूत ‘द कफ लिंक्स’ या नावाने आलेलं ‘ट्रेसी’ हे गाणंही गाजत होतं, आणि त्यातला आवाजही त्याचाच होता. एकाच वेळी दोन गाणी लोकांच्या ओठांवर, आणि दोन्ही तबकड्यांवर त्याचं नाव नाही. रस्त्यातून चालताना त्याला कुणी ओळखत नसणार, आणि दुकानादुकानातून त्याचाच आवाज येत असणार. आणि शेवटाकडे जी मुलगी येते, एखादीच ओळ गाऊन सगळं गाणं पेटवते, ती टोनी वाइन. तेव्हा ती विशीतच होती. तिचंही नाव तबकडीवर नाही.

असं हे बिनचेहऱ्याचं गाणं. रेडिओवाल्यांनी कार्टूनचं गाणं म्हणून ते बाजूला ठेवू नये, यासाठी सॅन फ्रान्सिस्कोत सुरुवातीला बँडचं नाव न सांगताच ते ऐकवलं गेलं. लोकांना आवडलं. २० सप्टेंबर १९६९ ला ते अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि चार आठवडे तिथे राहिलं. ज्याला खाली सारलं ते गाणं रोलिंग स्टोन्सचं होतं. ब्रिटनमध्ये ते आठ आठवडे पहिलं होतं. वर्षाअखेरीस बिलबोर्डने त्या वर्षातलं सर्वांत मोठं गाणं म्हणून त्यालाच वर ठेवलं. ते वर्ष कोणतं? जुलैमध्ये माणूस चंद्रावर उतरला. ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या चिखलात लाखो तरुण जमले. व्हिएतनाममध्ये पोरं मरत होती. आणि त्या सगळ्यात लोकांनी पैसे मोजून घरी नेलं ते हे दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांचं साखरेचं गाणं.

जाणकारांनी या जातीच्या संगीताला बबलगम म्हटलं. ‘नाइन्टीन टेन फ्रूटगम कंपनी’, ‘ओहायो एक्सप्रेस’ अशी नावं घेऊन १९६८ पासून येणारी ती गाणी पोरासोरांची, चघळून थुंकून टाकायची, असा त्या शब्दाचा सूर. आर्चीजच्या तबकड्या तर न्याहारीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावरही छापून यायच्या, मुलांनी कात्रीने कापून वाजवायच्या. हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं होतं. सकाळी दूध ओतताना समोर खोक्यावर गाणं दिसतंय आणि आई कात्री शोधतेय, याहून गाण्याला चांगलं घर कोणतं!

मराठीत गोड या शब्दाला कमीपणा नाही, आणि इथेच माझं त्या जाणकारांशी जमत नाही. आपण बाळाला गोड म्हणतो, गळ्याला गोड म्हणतो, विहिरीच्या पाण्याला गोड म्हणतो. झोप गोड लागते. संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवून आपण भांडलेल्या माणसालाही गोड बोलायला सांगतो. पाहुणा निघताना काही राहिलं असेल तर गोड मानून घ्या म्हणतो. आणि दोन माणसांचं ठरलं, की त्या ठरण्याला आपण साखरपुडा म्हणतो. प्रेमाचं सोडाच, लग्नाच्या बोलीलाही आपल्याला साखरेपलीकडचा शब्द सापडला नाही, शोधावासाही वाटला नाही.

माझा साखरपुडा १९८१ साली झाला. सोनेरी कागदाचा शंकूसारखा पुडा, वर लाल नाडा. तो हातात घेतला तेव्हा मला वजनाचं आश्चर्य वाटलं. इतकी साखर माझ्या एकटीच्या हातात कधी आलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी आईने नाडा सोडला, पुडा डब्यात ओतला आणि कागद झटकून घडी घालून ठेवला. दाणे डब्यात पडतानाचा सळसळ आवाज होता तो. मी तिथेच उभी होते, आणि डोक्यात तेच उड्या मारणारे सूर सुरू झाले. मी ते आईसमोर गुणगुणले. तिने मान वर केली आणि म्हणाली, "बायकडचं ना?"

त्या काळी आमच्या रेडिओवर जी प्रेमाची गाणी होती ती मला प्राणप्रिय आहेत. पाडगावकरांचं ‘शुक्रतारा’ खळ्यांच्या चालीत अरुण दाते आणि सुधा मल्होत्रांच्या आवाजात लागलं की आमच्या चाळीत भांडी आपटायची थांबायची. पण त्या गाण्यांतलं प्रेम मोठ्या माणसांचं होतं. त्याला संध्याकाळ लागायची, वारा लागायचा, न बोललेलं बरंच काही लागायचं. बारा वर्षांच्या मुलीला ती गाणी ऐकताना वाटायचं, हे आपल्याला पुढे कधीतरी कळणार आहे. बायच्या तबकडीवरचं गाणं मात्र पुढे कधीतरीचं नव्हतं. त्याला कसलीच तयारी लागत नव्हती. ज्या वयात आवडणं म्हणजे त्या माणसाचं नाव वहीच्या मागच्या पानावर पुन्हा पुन्हा लिहिणं, त्या वयाचं ते गाणं आहे, आणि त्याची रचनाही तशीच आहे, एकच शब्द पुन्हा पुन्हा. कुणी म्हणेल, त्यात काही घडत नाही. मागच्या पानावरही काही घडत नाही. तरी ते पान फाडून टाकताना हात थांबतो.

शनिवारी संध्याकाळी धोबी तलावाकडून एक मुलगा यायचा, गिटार घेऊन. चर्चच्या क्वायरसाठी बायच्या वडिलांकडे तालमीला यायचा असं सांगायचे. उंच, किडकिडीत, बोलताना जमिनीकडे बघणारा. तबकडीवर एका जागी ओरखडा पडला होता, नेमका त्या मुलीचा आवाज यायच्या जरा आधी. सुई तिथे पोचली की अडकायची. तबकडीवरचा मुलगा तीच अर्धी ओळ म्हणत राहायचा, म्हणत राहायचा, आणि मुलगी येतच नसे. मग बाय उठायची, उजव्या हाताचं मधलं बोट सुईच्या डोक्याला किंचित लावायची. एक बारीकसा खट्ट आवाज आला की आत ती मुलगी गायला लागायची. त्या किडकिडीत मुलाने एका शनिवारी खिशातून चार आण्यांचं नाणं काढून सुईच्या डोक्यावर ठेवलं. वजनाने सुई पार होईल म्हणाला. झालीही. त्या दिवशी बाय उठली नाही, आणि मला वाटतं, तिला ते फारसं आवडलं नाही. पुढच्या वेळी नाणं टेबलावर पडलेलं होतं आणि ती पुन्हा बोट लावायला उठत होती. तो तिच्याकडे बघत होता. जमिनीकडे नाही.

त्यानेच मला गिटारवरचे तीन कॉर्ड दाखवले. डी, जी, ए. एवढ्यात गाणं होतं. डी धरताना तीन बोटं खालच्या तीन तारांवर एका छोट्या त्रिकोणात बसवायची. तारा पोलादी, माझी बोटं मऊ. पहिल्या दिवशी बोटांच्या टोकांवर लाल चिरा उमटल्या, रात्री भात कालवताना झोंबलं. आठवड्याने तिथे कातडी जाड झाली. मी शाळेत बाकाखाली ती जाड कातडी अंगठ्याने चाचपत बसायचे. काहीतरी आपल्याला येतं, हे अंगावर उमटलेलं मी तेव्हा प्रथम पाहिलं.

पुढे कितीतरी वर्षांनी मला विल्सन पिकेटने १९७० मध्ये गायलेलं हेच गाणं ऐकायला मिळालं. पिकेट अलाबामाचा, चर्चमध्ये गात मोठा झालेला, घशात खरखर आणि छातीत भट्टी. त्याने ते साखरेचं गाणं घेतलं आणि घाम गाळत गायलं. बॉब मार्लेनेही जमैकात ते गायलंय. पिकेटच्या तोंडून ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की त्या साध्या ओळींत भूकही आहे. शाळकरी मुलाच्या आवाजात ती लपलेली होती. गाणं पोकळ असतं तर पिकेटला आतून ओढून काढायला काही मिळालंच नसतं. त्याने बाहेरून काही आणलेलं नाही, चाल तीच, शब्द तेच.

शुगर या शब्दाचा आमच्या घरातला अर्थ आता बदललाय. माझ्या नवऱ्याला गेली अकरा वर्षं शुगर आहे. आपल्याकडे असंच म्हणतात, त्यांना शुगर आहे, शुगर वाढली, शुगर उतरली. सकाळी तो खिडकीशी बसतो, बोटाला टोचतो, रक्ताचा थेंब पट्टीला लावतो आणि आम्ही दोघं आकडा उमटेपर्यंतची ती काही सेकंदं वाट बघतो. त्या सेकंदांत बऱ्याचदा माझ्या तोंडून ते सूर निघतात, हळू, ओठ मिटूनच. तो टाळी देतो, दोन, नेमक्या जागी. त्याला गाणं माझ्याकडूनच मिळालं, शब्द अजूनही येत नाहीत. पण टाळ्या चुकत नाहीत.

खोताच्या वाडीतली पूर्वीची निम्मी घरंही आता उरलेली नाहीत. जिन्यांच्या जागी लिफ्ट आल्या. बायचं घर आहे. तिने त्या किडकिडीत मुलाशी लग्न केलं, त्याच घरात संसार केला, दोन मुलं परदेशी गेली. तीन वर्षांपूर्वी तो गेला. रेकॉर्ड प्लेअर त्याआधीच कधीतरी बिघडला. तबकडी आहे, पण ती वाजवायला काही नाही.

गेल्या डिसेंबरात मी गेले होते. आता जिना चढताना दोनदा थांबावं लागतं. व्हरांड्यात नाताळचा कागदी कंदील लावलेला होता, वेताची एकच खुर्ची होती, मी आतून स्टूल आणलं. बोलणं संपल्यावर मी फोनवर गाणं लावलं. स्वच्छ आवाज, एकही ओरखडा नाही. गिटार आली, मुलगा आला, ते सूर आले. बाय डोळे मिटून ऐकत होती, पाय हलत होता. मग ती जागा जवळ आली. बायने डोळे उघडले नाहीत. तिचा उजवा हात मांडीवरून उठला, मधलं बोट पुढे झालं आणि हवेत, टेबलाच्या उंचीवर थांबलं.

गाणं अडकलं नाही. मुलीचा आवाज सरळ आला आणि पुढे निघून गेला. हात तसाच होता. मी फोन उचलून गाणं पुन्हा सुरुवातीला नेलं.